शब्द सगळे कळतात, तरी इंग्रजी वाक्याचे दोन अर्थ निघतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावात संध्याकाळची इंग्रजीची बॅच घेते. कोणी भुसावळहून रेल्वेने येतं, कोणी धरणगाव-एरंडोलहून एसटीने, रावेर-सावद्याकडची दोन पोरं तर केळीची गाडी भरून झाली की हातपाय धुऊन थेट क्लासला. स्पेलिंग, टेन्स यांचे प्रश्न असतातच, पण सगळ्यात जास्त घोळ होतो तो एका जागी, वाक्य समजलं असं वाटतं आणि समजलेलं नसतं. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आलेत की एकदा सगळं लिहूनच काढते. इंग्रजी वाक्यं इथे मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत, ती मोठ्याने वाचा, कारण काही वाक्यांचा अर्थ आवाजावरच ठरतो, पुढे येईलच ते.

दोन अर्थाचं वाक्य म्हणजे नक्की काय? अवघड वाक्य आणि हे एकच ना?

एकच नाही. अवघड वाक्यात शब्द अडतो, डिक्शनरी उघडली की सुटतो. इथे एकही शब्द अडत नाही आणि तरी डोळ्यासमोर दोन चित्रं उभी राहतात. (आणि हो, ‘डबल मीनिंग’ म्हटलं की आपल्याकडे पोरं गालात हसतात, ते चावट बोलणं वेगळं. इथे बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एकच अर्थ असतो, वाक्य मात्र दोन देतं.)

हे बघा : ‘द वॉचमन हिट द थीफ विथ द टॉर्च.’ टॉर्च म्हणजे आपली बॅटरी. आता बॅटरी कोणाकडे होती? वॉचमनने बॅटरी उचलून चोराच्या पाठीत घातली, की बॅटरी चोराच्या हातात होती आणि वॉचमनने त्याला नुसता बुकलला? इंग्रजी वाक्य काहीच सांगत नाही.

तेच मराठीत सांगायला घ्या. एक तर ‘वॉचमनने बॅटरीने चोराला मारलं’ नाहीतर ‘वॉचमनने बॅटरीवाल्या चोराला मारलं’. दोन्ही अर्थ पोटात घेऊन बसेल असं एक वाक्य मराठीत सहज बनतच नाही, कारण आपल्याकडे ‘ने’ काय आणि ‘वाला’ काय, शब्दाला चिकटतात आणि कोणाचं कोणाशी नातं ते तिथल्या तिथे ठरवून टाकतात. इंग्रजीत ‘विथ द टॉर्च’ शेवटी येऊन नुसतं उभं राहतं, ते मारण्याला जोडायचं की चोराला हे वाचणाऱ्याने बघायचं.

माझं सगळं शिकवणं यावरच उभं आहे : इंग्रजी वाक्य मराठीत आणताना जिथे तुमचा हात थांबतो, ‘आता इथे हे लिहू का ते लिहू’ असं होतं, तिथेच ते वाक्य फुटलेलं असतं. तो थांबलेला हात म्हणजे तुमचं इंग्रजी कच्चं असल्याची खूण नाहीये, तो तुम्हाला बरोबर जागा दाखवतोय.

पण क्लासमध्ये तर सांगतात की मराठीत विचार करू नका, डायरेक्ट इंग्रजीत करा. तुम्ही उलटं का सांगताय?

बोलताना ते ठीक आहे. समोरचा वाट बघत असताना मनात आधी मराठी मग इंग्रजी करत बसलं तर गाडी निघून जाते. पण वाचताना, आणि विशेषतः जिथे सही करायची आहे, फॉर्म भरायचा आहे, मेलवर विश्वास ठेवून कुठे जायचं आहे तिथे मराठी ही तुमची तपासणी आहे आणि ती सोडू नका असं माझं ठाम मत आहे.

घरी अहिराणी बोलत असाल तर अहिराणीत करून बघा, लेवा बोलत असाल तर लेवात, नंदुरबारकडची पोरं भिलीत-पावरीत करतात तरी चालतं. बोलीत केलं तर काही कमी होत नाही. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, घरच्याच बोलीत त्यांनी जे रचलं ते आज अख्खा महाराष्ट्र शिकतो आणि २०१८ पासून आपल्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. उलट घरच्या बोलीत कान जास्त तयार असतो, चुकीचं काही आलं की लगेच खटकतं.

‘वी’ म्हणजे आम्ही की आपण?

हा माझ्या स्वतःच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे म्हणून जरा लांब लिहिते.

मराठीत ‘आम्ही जेवायला चाललो’ आणि ‘आपण जेवायला चाललो’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात ऐकणारा उपाशी राहतो, दुसऱ्यात त्याचंही ताट आहे. लहान पोरालाही हा फरक कोणी शिकवावा लागत नाही. गुजरातीतही आहे, नवापूरकडच्या लोकांना माहीत असेल, ‘अमे’ आणि ‘आपणे’. हिंदीत मात्र दोन्हीला ‘हम’, आणि इंग्रजीत दोन्हीला ‘वी’. म्हणजे इंग्रजीत कोणीही ‘वी’ म्हणालं की ऐकणारा आत आहे की बाहेर हे त्या शब्दातून कळतच नाही.

मी पुण्यात नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट, कंपनीचं नाव नको. दुसऱ्याच आठवड्यात मेल आला, ‘वी आर शिफ्टिंग टू द न्यू ऑफिस ऑन मंडे’, खाली पत्ता. मेल सगळ्यांना होता म्हणून मी ‘आपण’ धरलं आणि सोमवारी दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले, तर तिथे फक्त मेल पाठवणाऱ्यांचं डिपार्टमेंट गेलं होतं. त्यांचं ‘वी’ म्हणजे ‘आम्ही’ होतं. परत येईपर्यंत दुपार झाली आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी लागली. त्या पैशापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटत राहिलं, की शाळेत पहिल्याच वर्षी शिकवलेला शब्द, आणि हा फरक मला कोणीच कधी सांगितला नव्हता. म्हणून आज माझ्या बॅचमध्ये पहिल्या दिवशी ‘वी’ शिकवला जातो.

‘यू’चंही थोडं तसंच. तू, तुम्ही, आपण, एकटा की सगळे, सगळं त्या एकाच शब्दात. साहेबांनी पाच जणांच्या मीटिंगमध्ये ‘यू शुड कम टुमॉरो’ म्हटलं तर तुम्ही एकट्याने यायचं की पाचही जणांनी? न लाजता विचारा.

‘ही’, ‘हिज’, ‘दे’ कोणाला लागू होतं ते कसं ओळखायचं?

‘सुनील टोल्ड अनिल दॅट हिज फादर वॉज इन द हॉस्पिटल.’ कोणाचे वडील दवाखान्यात? घरी फोन करायचा तो कोणाच्या?

आपण बोलताना हे सरळ सोडवतो, कारण आपण समोरच्याचं बोलणं जसंच्या तसं सांगतो : ‘सुनील अनिलला म्हणाला, तुझे वडील दवाखान्यात आहेत’ किंवा ‘माझे वडील दवाखान्यात आहेत’. ‘तुझे’ आणि ‘माझे’ यात गोंधळ कुठून होणार. इंग्रजीत इनडायरेक्ट स्पीच केलं की ‘माय’ आणि ‘युवर’ दोन्ही ‘हिज’ होऊन बसतात. शाळेत डायरेक्टचं इनडायरेक्ट करायचे दहा-दहा मार्कांचे प्रश्न सोडवले आपण, पण करताना काय हरवतं ते कोणी सांगितलं नाही. म्हणून शंका आली की वाक्य उलटं डायरेक्ट करून बघा.

साध्या वाक्यात आपल्याकडे ‘आपला’ आहे. ‘त्याने आपली पिशवी उचलली’ म्हणजे स्वतःची, ‘त्याने त्याची पिशवी उचलली’ म्हटलं की बहुतेक दुसऱ्याची. इंग्रजीत दोन्हीला ‘ही पिक्ड अप हिज बॅग’.

कधीकधी व्याकरण काहीच मदत करत नाही, जगाची माहितीच लागते. टेरी विनोग्राड नावाच्या कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये एक वाक्य दिलं होतं, त्याचा आशय असा : नगरसेवकांनी आंदोलकांना परवानगी नाकारली कारण त्यांना हिंसाचाराची भीती होती. इथे ‘त्यांना’ म्हणजे नगरसेवकांना. आता शेवट बदलून ‘कारण ते हिंसाचाराचा पुरस्कार करत होते’ करा, लगेच ‘ते’ म्हणजे आंदोलक झाले. सर्वनाम तेच, जागा तीच, तरी बोट दुसरीकडे वळलं. हे आपल्याला कळतं ते नगरसेवक काय असतात आणि मोर्चे काय असतात हे माहीत असल्यामुळे, आणि तेवढं तर आपल्या गावातल्या कोणालाही माहीत असतं. मग इंग्रजीसमोर आल्यावर स्वतःची अक्कल बाजूला का ठेवायची?

‘ओन्ली’ कुठे लावायचा?

‘आय ओन्ली आस्क्ड रमेश फॉर हंड्रेड रुपीज.’ मराठीत आणा. रमेशकडेच मागितले? शंभरच मागितले? नुसते मागितलेच, घेतले नाहीत? आपला ‘च’ किती कामाचा आहे बघा, ज्या शब्दावर जोर त्यालाच चिकटतो, विषय संपला. इंग्रजीत बोलताना लोक ‘ओन्ली’ बहुतेक क्रियापदाच्या आधी ठेवतात आणि जोर आवाजाने दाखवतात, लिहिताना आवाज जातो आणि तीन अर्थ उरतात.

तुम्ही स्वतः लिहिताना ‘ओन्ली’ ज्या शब्दाचा आहे त्याच्या अगदी अलीकडे ठेवा : ‘आय आस्क्ड ओन्ली रमेश’, ‘आय आस्क्ड रमेश फॉर ओन्ली हंड्रेड रुपीज’. आणि आपल्याकडे ‘च’ची सवय म्हणून ‘टुडे ओन्ली’, ‘हिअर ओन्ली’ असं निघतं तोंडातून, इथल्या माणसाला ते कळतं, पण बाहेरचा माणूस ‘टुडे ओन्ली’ ऐकून ‘फक्त आजच्या दिवसापुरतं’ असं समजू शकतो, दुकानातल्या ऑफरसारखं.

मराठीत आणलं तरी अर्थ फुटत नाही, असं कधी होतं का?

होतं, आणि हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर माझी युक्ती आंधळेपणाने वापराल. जिथे मराठी पण तितकीच ढिली आहे तिथे हात थांबत नाही आणि धोका जास्त असतो.

‘ऑल द स्टुडंट्स डिड नॉट पास.’ मराठीत ‘सगळे विद्यार्थी पास झाले नाहीत’. आता सांगा, सगळे नापास की काही पास काही नापास? दोन्हीकडे सारखाच गोंधळ. आपण असं वाक्य इंग्रजीत बिनधास्त लिहितो कारण मराठीत ते चालून जातं. एक पालक निकालाच्या दिवशी ‘ऑल डिड नॉट पास’ वाचून रडायला लागलेले मी पाहिलेत, वर्गातले दोनच पोरं राहिले होते आणि यांचा मुलगा त्यात नव्हता. ‘नॉट ऑल’ लिहा किंवा ‘नन’ लिहा, ‘ऑल... नॉट’ लिहूच नका.

दुसरं, ‘कारण’वालं. ‘आय डिड नॉट लीव्ह द जॉब बिकॉज ऑफ द सॅलरी.’ पगारामुळे नोकरी सोडली नाही. म्हणजे पगार चांगला होता म्हणून टिकून राहिला? की नोकरी सोडली, पण कारण पगार नव्हतं, दुसरंच होतं? एक माणूस अजून नोकरीत आहे आणि दुसरा घरी बसलाय, एवढा फरक. इंटरव्ह्यूत हे वाक्य बोलणारे कितीतरी आहेत. दोन वाक्यं करा : ‘आय लेफ्ट द जॉब. सॅलरी वॉज नॉट द रीझन.’

तिसरं तुलनेचं. ‘आय नो हिम बेटर दॅन यू.’ ‘मी त्याला तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो.’ तू त्याला ओळखतोस त्यापेक्षा, की मी तुला ओळखतो त्यापेक्षा? इंग्रजीत शेवटी एक ‘डू’ लावला, ‘बेटर दॅन यू डू’, की पहिला अर्थ पक्का होतो.

‘एव्हरी फार्मर हॅज अ लोन फ्रॉम अ बँक’ यात मात्र थोडी मदत मिळते. सगळ्यांचं कर्ज एकाच बँकेचं की प्रत्येकाचं कुठल्या ना कुठल्या बँकेचं, हे मराठीत ‘एकाच’ आणि ‘कुठल्या ना कुठल्या’ असं वेगळं सांगता येतं. पण नुसतं ‘एका बँकेचं’ लिहून पुढे गेलात तर घोळ तसाच राहिला.

फॉर्मवरच्या सूचनांमध्ये ‘अँड’ आणि ‘ऑर’ एकत्र आले की काय करायचं?

‘ब्रिंग आधार कार्ड अँड पॅन कार्ड ऑर ड्रायव्हिंग लायसन्स.’ लायसन्स असेल तर आधार लागेल की नाही? एक अर्थ : आधार लागणारच, सोबत पॅन किंवा लायसन्स. दुसरा अर्थ : आधार-पॅनची जोडी आणा, नाहीतर एकटं लायसन्स चालेल. परीक्षेच्या सेंटरवर गेटबाहेर उभं राहून व्याकरण करता येत नाही, म्हणून सरळ तिन्ही घेऊन जा आणि वेळ असेल तर हेल्पलाइनला विचारा.

स्वल्पविरामाला फार हलकं समजू नका. अमेरिकेत मेन नावाच्या राज्यात ओकहर्स्ट या डेअरीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी केस केली होती. ओव्हरटाइम कोणत्या कामांना लागू नाही त्याची यादी कायद्यात होती, आणि यादीच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते, ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. डेअरी म्हणत होती डिस्ट्रिब्यूशन हे वेगळं काम आहे, ड्रायव्हर तेच करतात, म्हणून त्यांना ओव्हरटाइम नाही. ड्रायव्हर म्हणत होते, नाही, इथे फक्त पॅकिंग आहे, शिपमेंटसाठीचं किंवा डिस्ट्रिब्यूशनसाठीचं, आणि आम्ही पॅकिंग करत नाही, गाडी चालवतो. २०१७ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की वाक्य खरंच दोन अर्थाचं आहे आणि अशा वेळी कामगाराच्या बाजूने वाचायचं, आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. एका स्वल्पविरामाची किंमत. मी ही गोष्ट वर्गात सांगते तेव्हा ट्रान्सपोर्टमध्ये काम करणारी पोरं एकदम सरसावून बसतात.

‘ओल्ड मेन अँड विमेन’ यात बायकाही म्हाताऱ्या का?

कळत नाही, तेच तर. मराठीत विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं, म्हणून ‘म्हातारे पुरुष आणि बायका’ म्हटलं की ‘म्हातारे’ बायकांना लागतच नाही, त्यांना ‘म्हाताऱ्या’ लागेल. इंग्रजी विशेषण कोणासाठीच बदलत नाही म्हणून ते दोघांवरही पसरू शकतं. ‘फ्रेश मिल्क अँड व्हेजिटेबल्स’ लिहिलेल्या पाटीखालची भाजी ताजी आहे का हे हात लावूनच बघायचं.

नाम-नामाची माळही तशीच. ‘स्मॉल बनाना ट्रेडर’ म्हणजे छोटा व्यापारी, की छोट्या केळ्यांचा व्यापारी? ‘ओल्ड गोल्ड शॉप’ म्हणजे जुनं सराफी दुकान, की जुनं सोनं घेणारं दुकान? जळगावच्या सराफ बाजारात दोन्ही सापडतील. मराठीत ‘छोट्या केळ्यांचा व्यापारी’ म्हणताना ‘छोटा’चं ‘छोट्या’ होतं, तेवढ्या एका बदलाने काम झालं.

बोलताना इंग्रजी हे आवाजाने सोडवते. ‘इंग्लिश टीचर’ मध्ये जोर ‘इंग्लिश’वर दिला तर इंग्रजी शिकवणारे शिक्षक. जोर ‘टीचर’वर दिला तर इंग्लंडचे शिक्षक, मग ते गणित का शिकवेनात. मोठ्याने वाचा म्हणाले ते यासाठी.

काही वाक्यं अर्ध्यापर्यंत नीट वाटतात आणि मग एकदम मोडतात, ते का?

यात सगळ्यात प्रसिद्ध वाक्य थॉमस बेव्हर या मानसशास्त्रज्ञाचं, १९७० चं : ‘द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.’ घोडा गोठ्यापलीकडून धावत गेला, इथपर्यंत सगळं छान, आणि मग हे ‘फेल’ (म्हणजे पडला) कुठून आलं? वाक्य चुकीचं वाटतं, पण चुकीचं नाही. ‘गोठ्यापलीकडून दौडवलेला घोडा पडला’ असं ते आहे. आपल्या ‘-लेला’ने घोडा येण्याआधीच सांगून टाकलं की हे घोड्याचं वर्णन आहे, मुख्य क्रिया अजून यायची आहे. इंग्रजीत ‘रेस्ड’चं भूतकाळाचं रूप आणि ‘-लेला’चं रूप एकच, आणि मध्ये ‘दॅट वॉज’ गाळलेलं.

असंच एक जुनं उदाहरण कापसाचं आहे, मूळ वाक्यात अमेरिकेतलं मिसिसिपी येतं, मी तिथे खान्देश घालते : ‘द कॉटन क्लोदिंग इज मेड ऑफ ग्रोज इन खान्देश.’ ‘कॉटन क्लोदिंग’ म्हणजे सुती कपडे असं धरून निघालात की ‘ग्रोज’पाशी आपटलात, कपडे कुठे उगवतात. कपडे ज्या कापसाचे बनतात तो कापूस खान्देशात पिकतो, असं ते आहे.

असं आपटलात की घाबरून पहिल्या शब्दाला परत जाऊ नका. मुख्य क्रियापद शोधा, शेवटचं क्रियापद बहुतेक वेळा खरं असतं, मग आधीचा भाग ‘जो, जी, जे’ लावून वाचा. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही या वाक्यांवर आपटतात.

एका शब्दाचे दोन अर्थ असले तर?

‘बँक’ म्हणजे पैशाची की नदीकाठ, ‘बॅट’ म्हणजे खेळायची की वटवाघूळ. हे सोपं आहे, आपल्याकडेही ‘हार’ गळ्यात पडतो आणि ‘हार’ मॅचमध्ये होते. शेजारचे शब्द बघा, सुटतं. जास्त लक्ष द्या छोट्या शब्दांवर : ‘यू मे नॉट गो’ म्हणजे जायची परवानगी नाही, आणि ‘यू मे नॉट गेट अ सीट’ म्हणजे जागा कदाचित मिळणार नाही. एकच ‘मे नॉट’.

आपलं इंग्रजी परदेशातल्या माणसाला वेगळं ऐकू जातं का?

जातं, आणि यात आपली चूक नसते, भारतात इंग्रजीने आपले अर्थ घेतलेत एवढंच. ‘आय पास्ड आऊट इन २०१५’ म्हणजे आपल्याकडे डिग्री झाली, अमेरिकेतल्या माणसाला वाटेल २०१५ साली चक्कर येऊन पडला. परदेशी कंपनीशी बोलताना ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हणा. ‘आय हॅव अ डाऊट’ म्हणजे आपल्याकडे प्रश्न विचारायचाय, तिकडे वाटतं याला आपल्यावर शंका आहे.

तिकडच्या तिकडेही एकमत नाही. मीटिंगमध्ये ‘टेबल’ करणं म्हणजे ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेणं आणि अमेरिकेत विषय बाजूला ठेवणं, अगदी उलट. ‘हाफ सेव्हन’ ब्रिटिश माणूस म्हणाला तर साडेसात, साडेसहा नाही. ‘फर्स्ट फ्लोअर’ आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये जिना चढून, अमेरिकेत जमिनीलगतचा. ‘५/६’ ही तारीख आपल्याला ५ जून, अमेरिकनाला ६ मे. ‘बायवीकली’ म्हणजे आठवड्यातून दोनदाही आणि दोन आठवड्यांतून एकदाही, डिक्शनरीत दोन्ही अर्थ दिलेत, म्हणून हा शब्द वापरूच नका असं मी सांगते. महिना अक्षरात लिहा, वार लिहा. केळीचा माल ज्या दिवशी निघायचा त्या दिवशी निघाला नाही तर तो पिकून जातो, इंग्रजी दुरुस्त होईपर्यंत थांबत नाही.

इंग्रजी पेपरच्या हेडलाइन इतक्या विचित्र का असतात?

जागा कमी म्हणून ‘अ’, ‘द’, ‘इज’ सगळं काढून टाकतात, आणि नात्याच्या खुणा आधीच कमी असलेल्या भाषेतून राहिलेल्याही जातात. २००९ मध्ये एक हेडलाइन आली होती, ‘व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स’. बातमी होती की जपान एअरलाइन्सच्या अपघाताशी जिचा संबंध होता ती व्हायोलिनवादक आता बहरते आहे. लोकांनी वाचलं की ती ‘क्रॅश ब्लॉसम्स’ नावाच्या कसल्यातरी फुलांशी जोडलेली आहे. तेव्हापासून अशा हेडलाइनींना ‘क्रॅश ब्लॉसम्स’ असंच म्हणतात. हेडलाइनवरून इंग्रजी शिकू नका, पहिला पॅरा वाचा आणि मग हेडलाइनला या.

मोबाइलवर ट्रान्सलेट करून घेतलं तर प्रश्नच मिटला ना?

मिटत नाही, झाकला जातो. मशीनला पण ‘वी’चं ‘आम्ही’ किंवा ‘आपण’ काहीतरी एक करावंच लागतं, ते करतं आणि ‘इथे दोन अर्थ होते’ हे सहसा सांगत नाही. माझ्या पुण्याच्या मेलचं ‘आपण’ आलं असतं तर मी आणखी खात्रीने चुकीच्या जागी गेले असते. ट्रान्सलेट जरूर वापरा, पण आधी स्वतः मराठी करा आणि मग ताडून बघा. दोन्ही वेगळे निघाले की तिथे बोट ठेवा.

विचारायला लाज वाटते, समोरचा म्हणेल याला इंग्रजी येत नाही. कसं विचारायचं?

ही लाज मला माहीत आहे. यावलकडच्या खेड्यातून पुण्याला गेले तेव्हा पहिली दोन वर्षं मी मीटिंगमध्ये मान हलवत बसायचे. पण ज्याला दोन अर्थ दिसले त्याने वाक्य समोरच्यापेक्षा जास्त नीट वाचलेलं असतं. फक्त ‘आय डिड नॉट अंडरस्टँड’ म्हणू नका, कारण मग समोरचा तेच वाक्य मोठ्या आवाजात परत म्हणतो. दोन्ही अर्थ पुढे ठेवा आणि निवडायला लावा. ‘व्हेन यू से वी, डज दॅट इन्क्लूड मी?’ ‘डू यू मीन नन ऑफ देम पास्ड, ऑर नॉट ऑल ऑफ देम?’ ‘इज दॅट द फिफ्थ ऑफ जून?’

गेल्या महिन्यात बॅचमधल्या एका मुलीला नोकरीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, ‘वी विल प्रोव्हाइड अकोमोडेशन अँड मील्स ऑर अलाउन्स’. घरचे खूश होते, राहायची सोय झाली म्हणून. तिने मराठी करायला घेतलं आणि तिचा हात थांबला : राहायची सोय नक्की आणि वर जेवण किंवा भत्ता, की राहणं-जेवण नको असेल तर नुसता भत्ता? तिने दोन्ही अर्थ लिहून मेल केला, ‘प्लीज कन्फर्म विच वन’. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, दुसरा अर्थ बरोबर होता, दोन्हीपैकी एकच मिळणार होतं आणि कोणतं ते तिने कळवायचं होतं, शुक्रवारपर्यंत. तिने राहणं-जेवण घेतलं.